आइकांडेचे सहा दात

"हे तोंड तुझं आहे."

"नाही."

"मग खालचा हा वाकडा दात कुणाचा? शेजाऱ्याकडे पाठ करून बसलेला?"

"अख्ख्या अरुशा शहरात वाकडे दात आहेत, बाबा फुराहा. ऊठ, ती माझी खुर्ची आहे."

फुराहाचा बाबा, म्हणजे आइकांडेचा नवरा सिफाएली, उठला नाही. त्याने माउसचं चाक फिरवलं आणि पडद्यावरचा जबडा इतका मोठा केला, की तो वाकडा दात जेवायला बोलावूनही रुसून बसलेल्या पाहुण्यासारखा दिसायला लागला.

"सगळ्या फायलींवर नावं आहेत. ही एकच बिननावाची कशी?"

"पेशंटची इच्छा."

"पेशंटची. आणि पेशंटला वरचे पुढचे सहाच्या सहा हवेत. यादीतल्या सगळ्यात पांढऱ्या रंगाचे. तो रंग आपण आजवर एकदाच वापरला, त्या सफारीवाल्या परदेशी बाईसाठी."

"ज्याच्या त्याच्या तोंडात ज्याची त्याची आवड," आइकांडे म्हणाली आणि म्हणता म्हणता तिचा डावा हात ओठांवर गेला.

इथेच ती सापडली. तो हात सिफाएली लग्नाआधीपासून ओळखत होता.

"आता हात खाली घे, आणि मग सांग माझं नाही म्हणून."

हात खाली आला. "बरं, माझं आहे. मग? चोरी केलीये का मी? लोकांचे दात करते, तसे स्वतःचे करतेय."

"मला न सांगता?"

"सांगितलं असतं तर तू हेच केलं असतंस."

"काय करतोय मी?"

"खुर्ची अडवून बसलायस."

सिफाएली उठला. पण गेला नाही, खुर्चीच्या पाठीला धरून उभा राहिला. "कधी?"

"गुरुवारी. डॉक्टर किलेओंकडे."

"कॅप बसवायच्या म्हणजे दात घासावे लागतात."

"हो का? मला वाटलं चिकटपट्टीने लावतात." आइकांडेने खुर्ची ओढून घेतली. "अरे, रोज तेच बघते मी. मला शिकवतोस?"

"घासलेला दात परत येत नाही."

"तेही माहितीये."

तो आतल्या खोलीत गेला आणि उगाचच कोरायच्या यंत्राची झाकणं पुसायला लागला. त्या यंत्राची झाकणं सिफाएली पुसतोय, यावरूनच तो किती चिडलाय हे कळत होतं.

कारण सिफाएली मुळात मेणाचा माणूस. आधी मेणाचा दात कोरायचा, मग त्यावरून खरा करायचा, हे त्याच्या बोटांत मुरलेलं. दोघांच्या या दात बनवायच्या लॅबमध्ये कॉम्प्युटर आला तो आइकांडेने आणला. आता दवाखान्यातले डॉक्टर पेशंटच्या तोंडातून स्कॅनरची कांडी फिरवतात आणि जबड्याचं चित्र तारेवरून इथे येतं. आइकांडे पडद्यावरच हरवलेला दात घडवते, यंत्र तो झिरकोनियाच्या पांढऱ्या ठोकळ्यातून कोरून काढतं, भट्टी भाजते. सिफाएली सुरुवातीला त्या यंत्राला "तुझा भाऊ" म्हणायचा. "तुझ्या भावानं आज किती खाल्लं?" असं. पुढे त्याचीही सवय झाली. कोरून आलेल्या दाताची कड बोटावर घेऊन तो अजूनही शेवटचा हात मारतो. तो हात लागला की कॅप टिच् करून बसते.

पण लॅबचं नाव झालं ते आइकांडेच्या रंगामुळे.

दोघंही मेरू डोंगराच्या उतारावरची, माजी या चायच्या आसपासची. माजी या चाय म्हणजे चहाचं पाणी. तिथली नदी खरंच तशी दिसते. त्या पाण्यात जे काही आहे ते लहानपणी दातांत उतरतं आणि जन्मभर तिथेच राहतं. तपकिरी पट्टे, खळगे, कुणाचे फिके, कुणाचे थेट चॉकलेटी. आता घराघरात पावसाच्या पाण्याच्या टाक्या आल्या. त्यांची लेक फुराहा टाकीचं पाणी पिऊन वाढली, तिचे दात खोबऱ्यासारखे. पण जुनी पिढी तोंड उघडलं की गाव सांगते.

लॅब नवी होती तेव्हा सारिकिएली नावाच्या डालाडाला मिनीबसच्या ड्रायव्हरचा पुढचा एक दात करायचा होता. स्कॅनरने रंग मोजला. त्याला काही तो तपकिरी कळेना, त्याने आपला यादीतला जवळचा पांढरा सांगून टाकला. यांनी विश्वास ठेवला. आठवड्याने सारिकिएली लॅबमध्ये उभा.

"काय झालं, दुखतोय का?"

"दुखत नाही. पण जो भेटतो तो स्वतःच्या दातावर बोट ठेवून मला खुणा करतो. मक्याचा दाणा अडकलाय, काढ म्हणतो. काल पोलिसाने गाडी थांबवून सांगितलं."

त्या दिवशी आइकांडे बारीक ब्रश आणि रंग घेऊन खिडकीशी बसली. फोटोवर भिस्त ठेवायची सोय नव्हती. कॅमेऱ्याच्या उजेडात तो तपकिरी एक तर डांबर होतो, नाहीतर गायबच. तिला हवा होता ओला, जिवंत दात, दिवसाच्या प्रकाशात. सारिकिएली तर गाडी उभी आहे म्हणून पळालेला. तिने हातआरसा उचलला, स्वतःचा ओठ वर केला आणि आरशात बघून त्या कॅपवर एक एक पट्टा उतरवला. दात भट्टीतून निघाला तो थेट माजी या चायचा होऊन. सारिकिएलीच्या बायकोला कोणता नवा ते शोधावं लागलं.

तेव्हापासून उतारावरचा प्रत्येक दात तिच्याकडे. आणि प्रत्येक वेळी तोच आरसा, तीच खिडकी.

आता तीच बाई पांढऱ्यावर आली होती, आणि त्याला कारण होती चर्चची क्वाया, म्हणजे तिथला गायकवृंद.

आइकांडे क्वायात एकटीने गायच्या ओळी गाते. गेल्या वर्षी त्यांच्या गाण्याचा व्हिडिओ झाला: एकसारख्या कापडाचे कपडे, मागे धबधबा, पुढे फुलझाडं, जसा सगळ्या क्वायांचा असतो. कॅमेरा आइकांडेवर आला की तिचा माइक थेट ओठांना चिकटलेला. फुराहाने सुट्टीत तो बघितला आणि विचारलं, "आई, तू माइक खातेयस का?" सगळे हसले. आइकांडेही हसली, तोंडावर हात ठेवून. येत्या शनिवारी दुसरा व्हिडिओ होता.

डार-एस-सलामच्या कॉलेजात तो हात तोंडावर बसला होता. दातांचं काम शिकवणारं कॉलेज, आणि वर्गात ही. मुलं म्हणायची, "चाय, आज साखर कमी पडली का गं?" तिने जेवणाच्या हॉलमध्ये कोपऱ्यातलं टेबल पकडलं. एक दिवस हॉलच्या दुसऱ्या टोकाला एक उंच मुलगा कशावर तरी मोकळ्या तोंडाने हसला आणि ते सगळे पट्टे लांबून चमकले. तो ताट घेऊन सगळा हॉल ओलांडून तिच्या टेबलापाशी आला. सिफाएली आजवर सांगतो, मी मीठ मागायला आलो होतो. आइकांडे म्हणते, मीठ वाटेतल्या सगळ्या टेबलांवर होतं. लग्नाला इतकी वर्षं झाली, हा खटला अजून निकाली निघालेला नाही.

मंगळवारी डॉक्टर किलेओंनी तिला चाचणीचे दात बसवून दिले. खरे दात न घासता, वरून नुसती थ्रीडी प्रिंटरवर छापलेली पातळ कवचं, सिमेंटच्या एकेका ठिपक्यावर टेकवलेली. "दोन दिवस घालून हिंडा," डॉक्टर म्हणाले. ते पलीकडे किलिमांजारोच्या बाजूचे, त्यांचं पाणी स्वच्छ. "हसून बघा, जेवून बघा. पटलं तर गुरुवारी पक्कं करू."

आइकांडे दवाखान्यातून निघाली ती आधी बाजारात गेली. घरात केळी होती, पण कुणाला तरी दाखवायचे होते.

मामा म्हणजे तिकडे आई. मामा एस्टा शिजवायची केळी विकते आणि उतारावरच्या माणसाशी उतारावरच्याच बोलीत बोलते. आज तिने आइकांडेकडे पाहिलं आणि गोड शहरी स्वाहिली सुरू केली.

"या ताई, या. कुठून, डार-एस-सलामहून? तिकडे अशी केळी बघायला मिळायची नाहीत तुम्हाला."

"केवढ्याला घड?"

मामा एस्टाने सांगितला तो भाव ऐकून आइकांडे चाचणीच्या दातांतून ओरडली, "मामा एस्टा, मी आहे."

"मी म्हणजे कोण, ताई?"

"आइकांडे. सिफाएलीची."

म्हातारीने मान तिरकी केली. मग पुढे झुकून, माशाचे कल्ले तपासावेत तसं तिचं तोंड तपासलं. आता बोली बदलली. "मेले मी. मला वाटलं कुठल्या बँकेतली आहे. दात कुणाचे घातलेस?"

"माझेच आहेत."

"तुझे मला माहितीयेत."

"नवीन आहेत. चांगले दिसतात की नाही?"

"दिसतात," मामा एस्टा म्हणाली. "पोस्टरवरच्या बाईचे असतात तसे दिसतात." आणि घड पिशवीत टाकता टाकता, "पण भाव मी सांगितला तोच. या दातांना तो परवडतो."

आइकांडेने भाव दिला. रस्त्याने दुकानांच्या काचांत बघत बघत ती चर्चमध्ये तालमीला गेली.

तालमीत आधी पंचाईत झाली. कवचांमुळे दातांची जाडी वाढलेली, जीभ नेमकी तिथे आपटायची, आणि गाण्यात प्रत्येक ओळीला 'स' हे अक्षर. पहिल्या ओळीला तिच्या तोंडून चक्क शिट्टी वाजली. मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "बस सुटली वाटतं." हसणं झालं, ती पण हसली, आणि हसून झाल्यावर तिच्या लक्षात आलं की हात मांडीवरच आहे.

मग ती गायली. उघड्या तोंडाने. वरची ओळ आली तेव्हा जबडा पार खाली सोडून.

क्वाया शिकवणारे म्वालिमू न्दोसी हात वर करून थांबले. सगळे थांबले. "ते कोण गायलं?"

"मी, म्वालिमू."

"हा आवाज इतकी वर्षं कुठे ठेवला होतास?"

"दातांमागे," मागची रांग म्हणाली.

घरी जाताना तिचे पाय जमिनीला टेकत नव्हते. सिफाएली अंगणात बूट धूत होता. तिने सगळं सांगितलं: बाजार, शिट्टी, म्वालिमू. वरची ओळ तिथेच उभं राहून म्हणून दाखवली. त्याने बूट धरून सगळं ऐकलं.

"छान लागला आवाज," तो म्हणाला. खरंच वाटलं म्हणून म्हणाला, ते तिला कळलं. मग पुन्हा बूट घासायला लागला.

बुधवारी सकाळी ती लॅबमध्ये आली तर तिच्या टेबलावर चहाचा कप होता आणि कपाशेजारी तिचा जबडा.

तिच्याच फायलीवरून छापलेला. खालचा वाकडा दात जसाच्या तसा, वरच्या दाढा जशाच्या तशा, आणि पुढे, जिथे सहा दात असायचे, तिथे सहा खुंट. उद्या डॉक्टर जेवढे घासतील तेवढेच घासलेले. कडा इतक्या नेटक्या की हात सिफाएलीचाच, यात शंका नाही. बाजूला सहा पांढऱ्या कॅपही होत्या, यंत्रातून काढून, भाजून, चकाकी आणून तयार. तिने एक उचलून खुंटावर ठेवली. टिच्.

"हे काय आहे?"

"उद्याचं तोंड," तो आतल्या खोलीतून म्हणाला.

"मला घाबरवायला?"

"घाबरवायला असतं तर कॅप कशाला केल्या असत्या? तुला हव्यात ना, त्या झाल्या. माझ्या हातच्या आहेत, वीस वर्षं हलायच्या नाहीत. फक्त त्या कशावर बसणार ते तू बघावंस म्हटलं."

असले खुंट आइकांडेने शेकड्याने पाहिले होते. सहाच्या सहा कॅप तिने काढून ठेवल्या आणि जबडा खिडकीशी नेला. लोकांचे खुंट काम असतं. हे बघून तिची जीभ तोंडात आपोआप पुढे गेली आणि कवचांच्या मागून स्वतःचे दात मोजून आली. चहा गार झाला. मग ती बाहेर जाऊन फोनवर बोलून आली. कुणाशी, ते तिने सांगितलं नाही आणि त्याने विचारलं नाही. दोघंही भांडणाच्या त्या टप्प्यावर होती जिथे विचारणारा हरतो.

दुपारी काम आलं आणि कामाला भांडण कळत नाही. माजी या चायच्या एलिउफू खाटकाने दाताने सोड्याची बाटली उघडली होती. पुढचा दात गेला. आणि पुतण्याच्या लग्नाची बोलणी करायला मशेंगा म्हणून जायचं होतं त्यालाच, आज संध्याकाळी. मशेंगा म्हणजे मुलाकडून बोलणारा माणूस. त्याचं सगळं भांडवल तोंडातच. दवाखान्याच्या फोनवर तो स्वतःच आला होता आणि फुसफुसत सांगत होता की बोळक्या तोंडाने मुलगी मागायला गेलो तर मुलीकडचे द्यायच्या गाईंचा आकडा वाढवतील.

दात भट्टीतून आला, पांढराफटक. आइकांडे ब्रश, रंग आणि आरसा घेऊन खिडकीशी बसली. ओठ वर केला.

आरशात डार-एस-सलाम होतं.

क्षणभर तिला कळेचना की काय चुकलंय. मग कळलं, आणि तिने आरसा उपडा ठेवला. आठवणीतून रंगवून बघितलं. पट्टा झाला तो दातावर सॉस सांडल्यासारखा. पुसला. पुन्हा रंगवला, पुन्हा पुसला. संध्याकाळ काही थांबणार नव्हती.

"बाबा फुराहा."

"काय?"

"इकडे ये."

"कशाला?"

"तोंड घेऊन ये."

तो आला. उपडा आरसा बघितला, पांढरा दात बघितला, तिच्या तोंडाकडे बघितलं. बोलायला म्हणून त्याने श्वास घेतला, तेवढ्यात तिने ओठ ताणून धरायची प्लास्टिकची चौकट त्याच्या तोंडात बसवली. आता तो हसतही नव्हता आणि रागावलेलाही नव्हता, नुसता सगळा दात होता.

"मान इकडे. उजेडाकडे. हलू नकोस."

"आं."

तिने काम सुरू केलं. त्याचे पट्टे तिच्यासारखे नव्हते. तिचे वर हिरड्यांपाशी गडद. त्याचे मधोमध, एकाखाली एक. इतक्या वर्षांत तिने ते इतक्या जवळून बघितले नव्हते. नवऱ्याच्या दातांकडे कोण बघतं?

"आता ऐक," ती ब्रश चालवता चालवता म्हणाली. "मी सकाळी डॉक्टरांना फोन केला. उद्या घासायचं नाही म्हणून सांगितलं."

"आं?"

"हलू नकोस, पट्टा बिघडेल. ही कवचं शनिवारपर्यंत राहतील. व्हिडिओ मी यांच्यावरच करणार. सोमवारी काढून टाकेन. डॉक्टर म्हणाले, असंही करतात लोक, लग्नाबिग्नाला."

सिफाएलीच्या भुवया वर गेल्या.

"आणि हे तुझ्यासाठी नाही, उगाच फुगू नकोस. ते खुंट मला बघवले नाहीत, एवढंच. तुझ्या त्या कॅप मी डब्यात ठेवल्यात, टाकल्या नाहीत. पुढच्या वर्षी वाटलं तर बसवेन. वाटलं नाही तर फुराहाच्या पोरांना खेळायला होतील."

"आं आं."

"सोमवारनंतर तोंड उघडून गाता येईल का, ते मला माहीत नाही. विचारू नकोस. बघेन." तिने ब्रश रंगात बुडवला, दुसरा पट्टा पहिल्याच्या जरा खाली घेतला. "काल मामा एस्टाने मला ओळखलं नाही. दुसऱ्या माणसाचा भाव लावला. मी दिलासुद्धा. घरी येईपर्यंत मजा वाटत होती, आणि मग तुला गाऊन दाखवत होते ना, तेव्हा तू माझ्याकडे बघत होतास... म्हणजे नीट बघत होतास, पण नवीन शेजारणीकडे बघतात तसं."

 

तिने दात चिमट्यात धरून त्याच्या दातांशेजारी नेला. लांब धरला, जवळ धरला. खिडकीच्या उजेडात कोणता तोंडातला आणि कोणता चिमट्यातला, ते चिमट्यामुळेच कळत होतं. ती उठली, दात भट्टीत ठेवला, परत येऊन त्याच्यासमोर बसली. चौकट अजून काढली नव्हती.

"आता एकच विचारते. मस्करी नाही. त्या दिवशी हॉलमध्ये माझे दात असे असते, आत्ता आहेत तसे. तर तू आला असतास का?"

त्याचे डोळे तिच्यावर होते.

"मीठ की दात? खरं सांग."

तिने त्याच्या तोंडातून चौकट काढली. सिफाएलीने जबडा हलवून बघितला, डावीकडे, उजवीकडे. बाहीने ओठ पुसले. भट्टीची घंटा वाजली.

मग तो उठला. भट्टीतून दात काढून गार केला, कड बोटावर फिरवली, एका जागी जरासं घासलं. खिडकीशी नेऊन त्यावरचे पट्टे बघितले, एकाखाली एक, मधोमध. बराच वेळ बघितले.

"सिफाएली, मी काहीतरी विचारलं."

त्याने दात डबीत ठेवला, डबी शर्टाच्या खिशात घातली, खुंटीवरची टोपी घेतली आणि जाता जाता टेबलावर उपडा पडलेला तिचा आरसा सुलटा करून ठेवला. एलिउफूला उशीर होत होता. सिफाएली जिना उतरून गेला.